नखाची खूण

शेंगेना डोंगरावर ढग बसला की
आमच्या गावातून रेंज जाते.
मग मी दुकानाची फळी निम्मी पाडते
आणि चार्जिंगला आलेले लोकांचे फोन
नंबराच्या चिकटपट्ट्यांसकट
आल्याच्या पोत्यांवर ओळीने निजवते.

नामकुंदाचा त्यांत नाही. तिच्याकडे फोनच नाही.
तिच्या मुलाचा निरोप माझ्या फोनवर येतो.
एलिएस्किया. दार-एस-सलामच्या गोदीत
क्रेनखाली हात हलवत उभा असतो दिवसभर,
ज्याच्या नावातच ऐकणं आहे.

ती आली ती थेट वाफ्यातून,
कोपरापर्यंत माती.
"वाच."

सात शब्द.
दोन तर फोननेच परस्पर स्वाहिली करून टाकलेले,
शाळेतल्या गुरुजींसारखे, न विचारता.
उरलेले पाच आमचे.
आमची भाषा : कुणी म्हणतं चासु,
कुणी जिभेचं टोक दातांत धरून चाथु,
आणि वरच्या वाडीचे खालच्या वाडीला त्यावरून अजून हसतात.

पाचवा शब्द मी वाचला
आणि तिथेच अडले.

तो शब्द मी इथे लिहीत नाही.
लिहिला तर पुन्हा सपाट होईल.
आवाज चढवून म्हटला तर : येईन.
उतरवून म्हटला तर : आलो असतो.
अक्षरं तीच, तेवढीच, त्याच क्रमाने.
मिशनच्या लोकांनी पेटीतून आणलेली ही अक्षरं,
आजोबांनी मक्याच्या पिठावर बोटाने गिरवलेली.
त्यांच्यात आमच्या गळ्याचे चढ
कुणी भरलेच नाहीत.
या लिपीला काना नाही,
कान तर नाहीच.

"येईन म्हणतोय," मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते. निम्मं होतं.

नामकुंदा पोत्यावर बसली.
"परत."
मी परत वाचलं.
"तू तुझ्या गळ्याने वाचतेस. त्याच्या वाच."

त्याचा गळा?
मला आठवला तो दहा-अकरा वर्षांचा,
पहाटे न्दिवाच्या बांधावर,
रात्रभर साठलेल्या पाण्याचं तोंड उघडायच्या वेळी
कुणाची पाळी ते ओरडून सांगणारा.
प्रत्येक नाव तो आधी खाली ठेवायचा
आणि मग पाटासारखं उताराला लावायचा.
म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, पोरगा हाक मारत नाही, पाणी सोडतो.

मी डोळे मिटले. तसं वाचलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
पोत्यातून आल्याचा एक तुकडा घरंगळला,
तो तिने उचलून परत आत ठेवला.
मग म्हणाली, "हं. आला असता."

मी म्हटलं, आवाज भरून पाठवू या आता,
रेंज आली की पोचेल, त्यालाही तुमचा गळा ऐकू येईल.
"नको. ऐकेल आणि पुसेल. लिही."
तिने सांगितलं, मी लिहिलं :
आलं चांगलं निघालंय, भाव बरा आहे,
मोरीचा दरवाजा बसवला,
आणि शेवटी तोच शब्द, तिच्या बाजूने.
"हा वर जातो," ती म्हणाली.
वर कसा जाईल, मी म्हटलं, तसं बटणच नाही.

तेव्हा तिने माझा फोन ओढून घेतला
आणि त्या शब्दावर, काचेवरच,
अंगठ्याच्या मातीने भरलेल्या नखाने
एक तिरकी रेघ मारली. जोर लावून.

ढग उठला दुपारी.
निरोप गेला, रेघ मागे राहिली.

अजून आहे.
बँकेचा मेसेज येतो, तिच्याखाली थांबतो,
लसीकरणाची तारीख येते, पॅकेज संपल्याची सूचना येते,
आणि त्यातलं एखादं मुकं अक्षर
उगाचच जरा वर उचललं जातं.
गिऱ्हाईक म्हणतात, काच बदलून घे, समेला स्वस्तात मिळते.
मी म्हणते, घेईन.
कुठल्या सुरात, ते त्यांनी विचारलेलं नाही.